ओळ क्रमांक ३६९

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. ओटावात आल्यावर मी त्यात स्वतःची भर घातली आहे: 'आणि टॅक्स रिटर्न पाहावं भरून!' लग्नात निदान जेवण तरी मिळतं. इथे एप्रिल महिन्यात बाहेर बर्फ वितळत असतं आणि घरात डायनिंग टेबलावर टी-फोर स्लिपा, बँकेची पत्रं आणि पावत्या पसरलेल्या असतात. चहाचा कप ठेवायलासुद्धा जागा नसते.

त्या रिटर्नमधल्या एका ओळीची ही गोष्ट आहे. घर घेणाऱ्याला करात थोडी सवलत देणारी ही ओळ २००९ पासून २०१८ पर्यंतच्या फॉर्मवर ३६९ या क्रमांकाची होती. २०१९ च्या फॉर्मपासून ती ३१२७० झाली. या ओळीने मला दहा वर्षं चकवलं आणि नंतर कॅनडाचा बराच इतिहास वाचायला लावला. दिवाळी अंकात टॅक्सवर लेख म्हणजे फराळाच्या ताटात कारलं, हे मला कळतं. पण जरा सांभाळून घ्या, कारण यात आपल्यापैकी काहीजणांचे पैसे अडकलेले असू शकतात.

आम्ही २००३ साली इथे आलो. सहा वर्षं भाड्याच्या घरात काढली आणि २००९ च्या सप्टेंबरात बारहेवनला टाउनहाउस घेतलं. वकिलांकडे सह्या करायला गेलो तेव्हा एक प्रश्न आला: जगात कुठेही, कधीही तुमच्या मालकीचं घर होतं का? आता आमचा कोथरूडचा फ्लॅट बाबांच्या आणि माझ्या अशा दोघांच्या नावावर होता. मी नोकरीला लागलो तेव्हा बाबांनी मोठ्या हौसेने माझं नाव त्यात घातलं होतं. मी खरं ते सांगितलं, 'हो, होतं आणि आहे.' झालं! ऑन्टारिओ प्रांत घराच्या खरेदीवर जो जमीन हस्तांतरण कर घेतो, त्यात पहिलं घर घेणाऱ्याला तेव्हा जास्तीत जास्त २००० डॉलर परत मिळत. ते आम्हाला मिळाले नाहीत. प्रांताचा नियमच तसा आहे, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती.

रविवारच्या फोनवर हे बाबांना सहज बोलून गेलो. ते थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "तुझं नाव घातलं ते चुकलंच का रे माझं?" मी हसून विषय बदलला, पण तो प्रश्न मनात राहिला.

पुढच्या वर्षी रिटर्न भरताना ओळ ३६९ समोर आली. 'पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी' एवढं वाचलं आणि वकिलांकडचा प्रश्न आठवला. आपण यात बसत नाही असं स्वतःच ठरवलं, ओळ कोरी सोडली आणि पुढे गेलो.

त्यानंतर दहा वर्षांनी, २०१९ च्या दिवाळीच्या कार्यक्रमात, चकलीची बशी हातात घेऊन एका नव्याने घर घेतलेल्या तरुणाशी गप्पा मारत होतो. तो म्हणाला, "काका, आम्हाला त्या ओळीचे साडेसातशे मिळाले." मी म्हटलं, "तुझं बरं आहे. आमचा पुण्याचा फ्लॅट आड आला." तो म्हणाला, "पण काका, तुम्ही इथे घर घेतलंत तेव्हा त्या फ्लॅटमध्ये राहून किती वर्षं झाली होती?"

मी म्हटलं, "सहा." आणि माझी चकली हातातच राहिली.

घरी येऊन रात्री नियम नीट वाचला. केंद्र सरकारचा नियम जगात कुठे घर होतं का असं विचारतच नाही. तो विचारतो: ज्या वर्षी घर घेतलं त्या वर्षी किंवा त्याआधीच्या चार वर्षांत तुम्ही स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या मालकीच्या दुसऱ्या घरात राहत होतात का? आम्ही २००३ पासून भाड्याने राहत होतो. म्हणजे प्रांताच्या नियमाने आम्ही 'पहिल्यांदा घर घेणारे' नव्हतो आणि केंद्राच्या नियमाने होतो! शब्द तोच, सरकारं दोन आणि अर्थही दोन. जुन्या वर्षाचं रिटर्न दुरुस्त करून मागायची मुदत दहा वर्षांची असते. २००९ च्या रिटर्नसाठी ती ३१ डिसेंबर २०१९ ला संपणार होती. हातात दोन महिने होते.

कागद शोधण्याची धावपळ सुरू झालीच, पण त्याबरोबर एक कुतूहलही जागं झालं. सरकार घर घेणाऱ्याला मदत करतं ती अशी रिटर्नच्या एका कोपऱ्यात लपवून का करतं? या ओळी आल्या कुठून?

सुरुवात अर्थात खुद्द करापासून. कॅनडात केंद्राचा आयकर १९१७ साली आला, पहिल्या महायुद्धाचा खर्च भागवायला. अर्थमंत्री थॉमस व्हाइट यांनी तो तात्पुरता म्हणूनच मांडला होता. कायद्याचं नावच 'इन्कम वॉर टॅक्स अ‍ॅक्ट' होतं. अविवाहितांना १५०० डॉलरच्या वर आणि इतरांना ३००० डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर ४ टक्के. युद्ध १९१८ ला संपलं, पण नावातलं 'वॉर' १९४८ चा नवा कायदा येईपर्यंत तसंच राहिलं आणि कर तर राहिलाच राहिला. आपल्याला हे काही नवीन नाही म्हणा! हिंदुस्थानातही १८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरायला जेम्स विल्सन यांनी १८६० साली आयकर आणला. तोही तात्पुरता. पाच वर्षांनी बंद झाला, निरनिराळ्या रूपांत परत आला आणि १८८६ च्या कायद्याने कायमचा मुक्कामाला राहिला. नको असलेल्या पाहुण्यासारखाच.

बायवर्ड मार्केटजवळ मॅकेन्झी अ‍ॅव्हेन्यूवर किल्ल्यासारखी दिसणारी कॉनॉट बिल्डिंग आहे ना, ती याच काळातली, १९१६ मध्ये पूर्ण झालेली. कर खात्याचं मुख्यालय म्हणून तिची ओळख. पाहुणे आले की आपण तिच्यासमोरून पार्लमेंटकडे जातो, पण आपल्या रिटर्नचं मूळ इथे आहे हे कोणाला सांगत नाही.

सुरुवातीला कराचा आणि घरांचा फारसा संबंध नव्हता. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना घरं हवी होती. त्यासाठी १९४६ मध्ये केंद्र सरकारने गृहनिर्माण आणि गृहकर्जासाठी महामंडळ काढलं, तेच आजचं सीएमएचसी. त्याचं मुख्यालय इथेच माँट्रियल रोडवर. ओटावात कार्लिंग्टन भागात फिरलात तर सैनिकांसाठी बांधलेली दीड मजली, उतरत्या छपराची छोटी घरं अजून दिसतात. तेव्हाची मदत म्हणजे घरं आणि कर्ज. रिटर्नमध्ये काही मागायचं नव्हतं.

१९७२ साली चित्र बदललं. कार्टर आयोगाने १९६६ च्या अहवालात करव्यवस्था मुळापासून बदलायला सांगितलं होतं. बऱ्याच वादानंतर कॅनडात पहिल्यांदाच भांडवली नफ्यावर कर आला. मात्र राहत्या घराच्या नफ्याला त्यातून वगळलं. आज आपण राहतं घर विकतो आणि नफ्यावर कर लागत नाही, तो त्या निर्णयामुळे. (२०१६ पासून विक्री रिटर्नमध्ये दाखवावी मात्र लागते, हे विसरू नका.) पण राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर सवलत नाही. इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला हा पहिला धक्का असतो. भारतात नोकरी करताना गृहकर्ज काढायचं आणि व्याज उत्पन्नातून वजा करायचं हे आपल्याला पाठ असतं. अमेरिकेतला मेहुणाही फोनवर तेच सांगतो. इथे ते चालत नाही.

ते चालावं असा प्रयत्न मात्र एकदा झाला होता, आणि तो आपल्या याच गावात, पार्लमेंट हिलवर, कोसळला. मे १९७९ च्या निवडणुकीत जो क्लार्क यांनी आश्वासन दिलं की गृहकर्जाच्या व्याजावर आणि मालमत्ता करावर सवलत देऊ. व्याजाचे दर तेव्हा चढत होते, लोकांना ते पटलं. क्लार्क पंतप्रधान झाले, पण बहुमताशिवाय. सवलत टप्प्याटप्प्याने द्यायचं ठरलं. डिसेंबरात अर्थमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी बजेट मांडलं. त्यात पेट्रोलवर गॅलनमागे १८ सेंट जादा कर होता. १३ डिसेंबरला मतदान झालं, १३९ विरुद्ध १३३. सरकार पडलं. फेब्रुवारी १९८० मध्ये पिअर ट्रूडो परत आले आणि व्याजाची सवलत कायमची बारगळली. पुढे १९८१ मध्ये गृहकर्जाचे दर २० टक्क्यांच्या घरात गेले, तेव्हा किती जणांना त्या रात्रीची आठवण झाली असेल! सहा मतं इकडची तिकडे झाली आणि लाखो घरांचा हिशेब बदलला.

त्याआधीची एक योजना आता बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. १९७४ मध्ये, जॉन टर्नर अर्थमंत्री असताना, घरासाठी बचत करण्याचं एक खास खातं निघालं. वर्षाला १००० डॉलर, आयुष्यात एकूण १०,००० डॉलर टाकायचे. तेवढी रक्कम उत्पन्नातून वजा, आणि घर घेताना काढली तर त्यावर कर नाही. मे १९८५ च्या बजेटमध्ये मायकेल विल्सन यांनी ते बंद केलं. ज्यांनी वेळेवर खातं काढलं त्यांना फायदा झाला आणि 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणारे राहिले.

इथे एक बारकावा समजून घेण्यासारखा आहे. त्या खात्यातली रक्कम उत्पन्नातून वजा होत असे. म्हणजे ज्याचा कराचा दर मोठा, त्याची बचत मोठी. १९८८ पासून विल्सन यांच्याच करसुधारणेने अशा अनेक वजावटींच्या जागी सरसकट एका दराने मिळणारी सवलत आणली. ओळ ३६९ याच जातीची आहे. म्हणून ती इंजिनिअरला जेवढी देते तेवढीच बस ड्रायव्हरलाही देते. मात्र ही सवलत भरायच्या करातूनच वजा होते. कर शून्य असेल तर हातात काही पडत नाही.

१९९२ मध्ये देश मंदीत होता. फेब्रुवारीच्या बजेटमध्ये डॉन मॅझनकोव्स्की यांनी निवृत्तीसाठीच्या आरआरएसपीमधून (हे खातं १९५७ पासूनचं) घरासाठी २०,००० डॉलरपर्यंत कर न भरता काढायची परवानगी दिली. हे पैसे नंतर १५ वर्षांत परत भरायचे. बांधकाम उद्योगाला हात द्यायचा हेतू होता, म्हणून योजना एका वर्षापुरती होती. पुढे मुदत वाढली आणि १९९४ मध्ये ती पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी कायम झाली. पाहिलंत? परत तेच! कर तात्पुरता म्हणून येतो आणि राहतो, आणि क्वचित एखादी सवलतही तशीच राहून जाते.

आणि मग २००९. तो हिवाळा ओटावात होते ते विसरणार नाहीत. १० डिसेंबर २००८ पासून ओसी ट्रान्स्पोच्या बस बंद होत्या. आम्ही चौघं शेजारी एका गाडीतून ऑफिसला जायचो आणि चौघंही नोकरीबद्दलच बोलायचो. १४ जानेवारीला नॉर्टेलने दिवाळखोरीपासून संरक्षण मागितलं. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांत त्या दिवशी जेवण गेलं नसेल. तिकडे पार्लमेंट हिलवर विरोधी पक्षांनी आघाडी करून स्टीफन हार्पर यांचं अल्पमतातलं सरकार पाडायची तयारी केली होती, आणि डिसेंबरात पार्लमेंट स्थगित करून त्यांनी वेळ मिळवला होता.

अशा वातावरणात २७ जानेवारी २००९ ला जिम फ्लॅहर्टी यांनी बजेट मांडलं. घर घेणाऱ्यासाठी ५००० डॉलरची रक्कम आणि तिच्यावर १५ टक्के, म्हणजे ७५० डॉलर. वकिलाची फी, हस्तांतरण कर असे किरकोळ म्हणता म्हणता अंगावर येणारे खर्च थोडे हलके व्हावेत हा उद्देश. २७ जानेवारीनंतर घेतलेल्या घरांना ती लागू झाली. त्याच बजेटने आरआरएसपीतून काढायची मर्यादा २५,००० केली आणि घराच्या दुरुस्तीवर एक वर्षापुरती सवलत दिली. दुरुस्तीची सवलत फेब्रुवारी २०१० ला संपली. ओळ ३६९ मात्र राहिली. २०२२ मध्ये रक्कम ५००० वरून १०,००० झाली, म्हणजे सवलत १५०० डॉलर. गंमत अशी की २०२५ मध्ये कराचा सर्वांत खालचा दर १५ टक्क्यांच्या खाली आला, तेव्हा त्याच दराने मोजली जाणारी ही सवलतही थोडी आकसली. एका हाताने दिलं की दुसऱ्या हाताने थोडं काढायचं, हे सरकारला बरोबर जमतं. दरम्यान एप्रिल २०२३ पासून घरासाठी बचतीचं नवं खातंही आलं आहे: वर्षाला ८०००, एकूण ४०,०००. आरआरएसपीची मर्यादा एप्रिल २०२४ पासून ६०,००० झाली. १९७४ चं ते खातं नव्या कपड्यांत परत आलं म्हणा ना!

हे सगळं वाचल्यावर मला एक गोष्ट लख्ख दिसली. रिटर्नमधली प्रत्येक ओळ ही कुठल्यातरी अडचणीच्या वर्षाची खूण आहे. कधी युद्ध, कधी मंदी, कधी निवडणूक, कधी काठावरचं सरकार. कोणीतरी झगडलं, कोणीतरी सौदा केला, म्हणून ती तिथे छापली गेली. ती भीक नाही आणि बक्षीसही नाही. पण ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. ज्या हिवाळ्यात आम्ही नोकरी राहते की जाते या काळजीत होतो, त्याच हिवाळ्यात ती आमच्यासारख्यांसाठीच लिहिली गेली होती, आणि मी मात्र अर्धा प्रश्न वाचून ती कोरी सोडली होती. आपण नवखी माणसं सरकारी कागदासमोर जरा दबूनच असतो. 'आपल्याला नसेल' असं आधीच ठरवून टाकतो.

तर, २०१९ चा नोव्हेंबर. तळघरातल्या खोक्यांतून खरेदीचा करार आणि वकिलांचा हिशेबाचा कागद शोधला. भाड्याच्या घरांचे जुने करारही निघाले, कारण २००५ पासून आम्ही कुठे राहत होतो हे कोणी विचारलं तर दाखवता यावं. जुन्या वर्षाची दुरुस्ती मान्य करायचीच असं खात्यावर बंधन नसतं, त्यामुळे धाकधूक होती. सौ. म्हणाली, "फार तर नाही म्हणतील. दहा वर्षं आपणच नाही म्हणत होतो, त्यापेक्षा बरं!" रिटर्न दुरुस्तीचा फॉर्म भरला आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाठवला.

फेब्रुवारीत नोटीस आली. दुरुस्ती मान्य. ७५० डॉलर.

त्या रविवारी बाबांना फोन लावला. त्यांना ऐकू कमी येत होतं, म्हणून सगळं दोनदा सांगितलं: कोथरूडचा फ्लॅट आड आला नव्हता, मीच नियम चुकीचा वाचला होता. ते म्हणाले, "म्हणजे तुझं नाव घातलं ते बरोबर होतं तर." दहा वर्षं त्यांनी हा प्रश्न परत काढला नव्हता, पण विसरलेही नव्हते. साडेसातशे डॉलरचं काय झालं ते आता आठवत नाही, पण हे वाक्य आठवतं.

म्हणून मंडळी, एक विनंती. तुमच्या रिटर्नच्या जुन्या प्रती काढा. ज्या वर्षी इथे घर घेतलं त्या वर्षीची ही ओळ कोरी आहे का बघा. कोरी असेल तर तीन प्रश्न स्वतःला विचारा. घर तुमच्या किंवा जोडीदाराच्या नावावर नोंदलं का? एका वर्षाच्या आत तिथे राहायला जायचा तुमचा विचार होता का? आणि त्या वर्षी किंवा त्याआधीच्या चार वर्षांत तुम्ही स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या दुसऱ्या घरात राहत होतात का? पहिल्या दोघांना 'हो' आणि तिसऱ्याला 'नाही' असेल, तर पुणे, नाशिक, ठाणे कुठेही नावावर फ्लॅट असला म्हणून मागे हटू नका. नवरा-बायकोत सवलत वाटून घेता येते, एकूण मात्र तेवढीच. अपंग व्यक्तीसाठी घर घेतलं असेल तर 'पहिल्यांदा'ची अटही नाही. प्रांताच्या हस्तांतरण कराचा हिशेब मात्र वेगळा, तिथे अजूनही सगळं जग मोजलं जातं. आणि दहा वर्षांची मुदत दर ३१ डिसेंबरला एकेक वर्ष गिळत असते, हे ध्यानात ठेवा.

दिवाळीत लक्ष्मीपूजन तर आपण सगळे करतोच. यंदा पाटावर वहीबरोबर जुनी रिटर्नही ठेवा, आणि पूजा झाली की ती उघडून वाचा. शुभ दीपावली!